कपाटाची चावी कुणाकडे?

वस्तीत अभ्यासिका चालवणाऱ्या बहुतेक कार्यकर्त्यांकडे वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ असतेच. १९८१ साली आलेले हे पुस्तक आम्हीही आठवी-नववीच्या मुलांच्या हातात ठेवतो. मुलांना एक गोष्ट फार आवडते. १८९६ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर अलाबामातल्या टस्कीगीच्या कृष्णवर्णीयांच्या शाळेत शिकवायला गेले, तेव्हा तिथे प्रयोगशाळाच नव्हती. मग ते विद्यार्थ्यांना घेऊन उकिरडे धुंडाळायला निघाले. फेकलेल्या बाटल्या, बरण्या, तारा गोळा केल्या आणि त्यातून उपकरणे बनवली.

ही गोष्ट आपण जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतो आणि पुढे जातो. पण एक प्रश्न विचारायचा राहून जातो. त्या शाळेकडे उत्तरेतल्या धनिकांचा पैसा येत होता, मग कार्व्हरना उकिरड्यावर का जावे लागले?

उत्तर शोधायला थोडे मागे जावे लागेल. १८८२ साली कनेक्टिकटचा कापड गिरणीमालक जॉन स्लेटर याने गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या शिक्षणासाठी दहा लाख डॉलर्सचा निधी काढला. त्यातून शाळांना लहान लहान अनुदाने मिळू लागली. टस्कीगीच्या शेतीशाळेच्या इमारतीलाही स्लेटरचे नाव दिले गेले. या निधीचा कल कुठे होता? सुतारकाम, विटा पाडणे, शिवणकाम, शेतकाम. म्हणजे हाताचे काम. कृष्णवर्णीय मुलांचे हात कामाला लागले पाहिजेत, यावर गोऱ्या दात्यांचे सहज एकमत होत असे. ते हात परीक्षानळी धरतील का, यावर नाही.

याच निधीची दुसरी एक कथा आपल्या तरुणांनी पाठ करून ठेवावी. निधीचे प्रमुख होते अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रदरफर्ड हेज. १८९० मध्ये ते एका सभेत म्हणाले की, लायक कृष्णवर्णीय तरुण मिळाला तर त्याला युरोपात शिकायला पाठवू, पण आजवर आम्हाला फक्त वक्तेच सापडले. हे वर्तमानपत्रात वाचून हार्वर्डमधल्या डू बॉइस या तरुणाने थेट अर्ज केला. नकार आला. त्याने कडक शब्दांत पुन्हा लिहिले, शिफारशी जोडल्या आणि १८९२ मध्ये पैसे मिळवलेच. तेही अर्धे अनुदान, अर्धे कर्ज! तो बर्लिनला गेला. तिथली पदवी हाताशी आली असताना निधीने पुढच्या मुदतीचे पैसे नाकारले. पुढे हाच माणूस अमेरिकेतल्या समाजशास्त्राच्या पायाभरणीतला एक झाला. समाजशास्त्राचे विद्यार्थी म्हणून आम्हाला हे नाव अभ्यासक्रमात मात्र फार उशिरा भेटले. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहिले ते हेच डू बॉइस.

आता रोझेनवाल्ड शाळा. सीअर्स रोबक कंपनीचे मालक ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी १९१२ मध्ये टस्कीगीला देणगी दिली. तिच्यातून उरलेल्या २,८०० डॉलर्समध्ये बुकर टी. वॉशिंग्टन यांनी आसपासच्या खेड्यांत सहा शाळा बांधायला घेतल्या. १९३२ पर्यंत दक्षिणेत ४,९७७ शाळा उभ्या राहिल्या, शिवाय १६३ कार्यशाळा. अट अशी होती की, गावाने आपला वाटा घालायचा. गावाने घातला. कुणी पैसे दिले, कुणी लाकूड, कुणी श्रम. शेवटी हिशेब झाला तेव्हा रोझेनवाल्ड निधीचे सुमारे ४३ लाख डॉलर्स भरले आणि कृष्णवर्णीयांचे ४७ लाख. कोट्यधीशापेक्षा दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्यांनी जास्त दिले, आणि कर भरला तो वेगळाच. नाव मात्र रोझेनवाल्डचे राहिले. आम्ही त्यांचा चांगुलपणा नाकारत नाही, पण हिशेब हिशेब असतो.

या पार्श्वभूमीवर आपला इतिहास पाहा. स्लेटरने निधी काढला त्याच वर्षी, १८८२ मध्ये, जोतीराव फुले हंटर आयोगापुढे निवेदन देत होते. प्राथमिक शाळेत शेतीचे प्रत्यक्ष शिक्षण द्यावे आणि जमेल तिथे त्यासाठी छोटे नमुना शेत असावे, असे त्यांनी मांडले. पण त्याच यादीत मोडी आणि बाळबोध आहे, हिशेब आहे, इतिहास, भूगोल, व्याकरण आहे. हात आणि डोके यांची फाळणी जोतीरावांनी केली नाही. ही फाळणी करायला जातिव्यवस्था हजारो वर्षे समर्थ होतीच.

स्वातंत्र्यानंतरही ती मोडली नाही. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजाजींनी योजना आणली की, मुलांनी तीन तास शाळेत बसावे आणि उरलेल्या वेळात आईबापाचा धंदा शिकावा. चांभाराच्या पोराने चामडे, धोब्याच्या पोराने कपडे. ‘कृतीतून शिक्षण’ हे शब्द किती गोड वाटतात! पेरियार आणि द्रविड चळवळीने या योजनेला कुलकल्वी, म्हणजे कुळाचे शिक्षण, म्हणून झोडपले. १९५४ मध्ये राजाजींना जावे लागले आणि कामराज यांनी योजना गुंडाळली.

बाबासाहेबांची मागणी नेमकी उलट्या दिशेची होती. १९४२ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांना दिलेल्या निवेदनात त्यांनी स्पष्ट लिहिले की, कला आणि कायद्याच्या पदव्यांचा अस्पृश्यांना फारसा उपयोग नाही, त्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे प्रगत शिक्षण हवे, आणि ते त्यांच्या ऐपतीबाहेरचे असल्यामुळे सरकारने दरवर्षी रक्कम ठेवावी. रेल्वेच्या कार्यशाळांत आणि सरकारी छापखान्यांत उमेदवारीही मागितली. म्हणजे हाताचे काम त्यांना वर्ज्य नव्हते. ते बापजाद्यांच्या धंद्याच्या खुंट्याला बांधलेले नको होते. एल्फिन्स्टन हायस्कुलात फळ्यावर गणित सोडवायला बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे बाटतील म्हणून ज्याच्या वर्गात गोंधळ उडाला, त्या माणसाला शाळेत वस्तूला हात लागणे म्हणजे काय, हे कुणी शिकवायची गरज नव्हती.

आज अनुदाने आहेत. अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला २० लाखांपर्यंत मिळतात. केंद्राच्या इन्स्पायर-मानक योजनेत निवडलेल्या विद्यार्थ्याच्या खात्यात १०,००० रुपये थेट जमा होतात. या योजना वाईट आहेत असे आम्ही म्हणत नाही. आपल्या मुलांचे अर्ज भरायला आम्ही स्वतः शाळांत खेटे घालतो. पण आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलीची कल्पना निवडली गेली तेव्हा काय झाले? पैसे आले, शाळेने ते खात्यातून काढायला लावले आणि बाजारातून तयार मॉडेल आले. प्रदर्शनाच्या दिवशी ती त्याच्या शेजारी उभी राहिली. आत कोणती तार कुठे जाते, हे तिला कुणी दाखवले नव्हते. शाळेतले प्रयोगशाळेचे कपाट तिने बंदच पाहिले होते. मोडले तर भरून कोण देणार, हे त्यामागचे कारण. हा प्रश्न कुणाच्या मुलांना आधी विचारला जातो, हे आपल्याला ठाऊक आहे.

‘एक वही, एक पेन’ अभियान आपण चालवतो, तेही एक छोटे अनुदानच आहे आणि तेही रोझेनवाल्डच्या गावांसारखे आपल्याच खिशातले. गेल्या जयंतीला आम्ही त्यात भर घालायचे ठरवले. मंडळात मोठा वाद झाला, कारण पैसे डीजेच्या रकमेतून कापले गेले. एक मल्टिमीटर, चार भिंगे, सेल, बल्ब, तारा आणि चुंबके घेतली. कपाटाला कुलूप लावले नाही. पहिल्या महिन्यात एक भिंग फुटले आणि मल्टिमीटरचा फ्यूज दोनदा गेला. दुसऱ्यांदा तो त्याच मुलीने बदलला.