माडग्यातले पाणी

गोष्ट गेल्या पौषातली. पुण्यात त्या आठवड्यात थंडी चांगलीच पडली होती. नातीला पडसे झाले होते, म्हणून शाळा बुडली होती. दुपारी पांघरुणातून नाक बाहेर काढून ती म्हणाली, "आजी, मला सूप पाहिजे."

मी उठले, माळ्यावरचे बांबूचे सूप काढले, फडक्याने पुसले आणि तिच्या पुढ्यात ठेवले.

"हे नाही गं! प्यायचं सूप. ते पाकिटातलं."

"पाकीट राहू दे," मी म्हटले. "पण प्यायच्या सुपाला आधी हे सूप लागतं."

आणि खरोखरच लागले. डब्यात पारनेरकडून आलेले हुलगे होते. हुलगे आणि खडे ही सख्खी भावंडे. रंग तोच, आकारही जवळपास तोच. पाखडून, निवडून घेतल्याखेरीज हुलग्याला हात लावू नये, नाहीतर दाताशी गाठ पडते. नात पांघरूण गुंडाळून शेजारी बसली, खडे वेचू लागली, आणि मुलांच्या सवयीप्रमाणे तिने प्रश्न केला, "दोन्हीला सूप का म्हणतात?"

तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवलेल्या बाईला असा प्रश्न विचारणे म्हणजे सुट्टीची दुपार घालवणे होय. पण दुपार रिकामी होती.

धान्य पाखडायचे सूप हे संस्कृतातल्या 'शूर्प' शब्दावरून आले. संस्कृतात 'सूप' असाही एक शब्द आहे, पण त्याचा अर्थ शिजवलेली डाळ, आपले वरणच म्हणा ना. म्हणूनच स्वयंपाक्याला 'सूपकार' म्हणत. विराटाघरी बल्लव नाव घेऊन राहिलेला भीम हा आपल्या पुराणातला सर्वांत धिप्पाड सूपकार. आणि हॉटेलातले सूप? ते युरोपातून आले. फ्रेंच भाषेत तो शब्द आधी रश्श्यात भिजवलेल्या पावाच्या तुकड्याला होता; पुढे पाव मागे पडला आणि नाव रश्श्याला चिकटले. रात्रीच्या जेवणाला इंग्रज 'सपर' म्हणतात, तेही याच घराण्यातले. म्हणजे उच्चार एक, पण तीन घरची तीन माणसे. नाव सारखे म्हणून सोयरीक जुळत नाही.

नावाचे नाते नसले तरी वस्तू मात्र आपल्या घरची आहे, आणि फार जुनी आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ते 700 या काळात तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. त्यांच्या घरांच्या मातीत जळून कोळसा झालेले धान्याचे दाणे सापडले. त्यांत जव होते, मसूर होती आणि आमचे हुलगेही होते. त्याच मातीत जोर्वे पद्धतीची तांबड्या रंगाची, काळ्या नक्षीची भांडी निघाली, आणि त्यांतल्या पुष्कळांना लांब चोच आहे. चोचीचे भांडे भाकरीसाठी कोणी घडवत नाही. ते ओतायच्या पदार्थासाठीच. नगर-पुण्याच्या कोरड्या माळावर हुलगा तीन हजार वर्षांपूर्वीही होता. कमी पाऊस, हलकी जमीन, कशालाही तो कुरकुरत नाही. इंग्रजांनी त्याला घोड्याचा चणा असे नाव दिले, कारण घोड्यांना आणि बैलांना तो उकडून घालत. गरिबाच्या आणि बैलाच्या ताटात एकच दाणा, यात आमच्याकडे कोणाला नवल वाटत नसे.

वैद्यांनी तर पातळ अन्नाचे शास्त्रच केले. मंड, पेया, विलेपी, यूष अशा त्यांच्या पायऱ्या आहेत. नुसती निवळ तो मंड, त्यात थोडी शिते असली की पेया, शिते जास्त झाली की विलेपी, आणि डाळी-कडधान्यांचे कढण तो यूष. तूप-मसाला घातलेला यूष 'कृत', न घातलेला 'अकृत'. चरकसंहितेत एका अध्यायात अठ्ठावीस प्रकारच्या यवागू, म्हणजे पेजा, सांगितल्या आहेत. वमन-विरेचन झालेल्या रोग्याला याच पायऱ्यांनी हळूहळू पुन्हा जेवणावर आणायचे. कुलत्थ म्हणजे हुलगा उष्ण, कफ आणि वात कमी करणारा, खोकल्या-दम्याला हितकर असे त्यात आहे. बौद्धांच्या विनयपिटकात तर बुद्धाने पेजेचे दहा गुण मोजून सांगितले आहेत: ती भूक भागवते, तहान शमवते, वात सरळ करते. नातीच्या पडशाला मी काही नवे औषध देत नव्हते.

इथवरचा इतिहास चुलीचा आणि आजाऱ्याच्या वाटीचा. पण पातळ अन्नाचा आणखी एक गुण आहे, आणि तो राज्यकर्त्यांच्याही ध्यानात आला. पाणी फुकट असते!

1790 सालच्या नववर्षदिनी म्युनिक शहरात शिपायांनी भिकारी धरून कामाच्या घरात नेले. ही योजना बेंजामिन थॉम्पसन नावाच्या गृहस्थाची. हा पुढे काउंट रम्फर्ड म्हणून प्रसिद्ध झाला. उष्णतेवर शोध लावणारा, चुली सुधारणारा बुद्धिमान माणूस. कमीत कमी खर्चात जास्तीत जास्त पोटे कशी भरतील, याचा त्याने हिशेब मांडला: जव, वाटाणे, पुढे बटाटे, मीठ, थोडा व्हिनेगर, आणि शिळ्या पावाचे कडक तुकडे. तुकडे कडक का? तर ते चावायला वेळ लागतो आणि जेवल्याचे समाधान लांबते. पाणी स्वतःच पोसते, असेही त्याला मनापासून वाटे.

पुढे 1845 पासून आयर्लंडात बटाट्यावर रोग पडला आणि भयंकर दुष्काळ आला. लंडनच्या रिफॉर्म क्लबचा नामांकित आचारी अलेक्सी सोये याने स्वस्त सूप तयार केले. त्याच्या एका कृतीत सुमारे नऊ लिटर पाण्याला पाव रत्तल मांस होते, सोबत थोडे पीठ, जव आणि कांदे. 5 एप्रिल 1847 ला डब्लिनमध्ये त्याची आदर्श पाकशाळा उघडली. एका वेळी शंभर माणसे आत घ्यायची, वाडगे मेजात बसवलेले, चमचे साखळीने बांधलेले. घंटा झाली की आत, घंटा झाली की बाहेर. आणि उद्घाटनाच्या दिवशी गावातली प्रतिष्ठित मंडळी पाच-पाच शिलिंग देऊन गरिबांचे जेवण बघायला आली! ते पैसे धर्मादायच होते, हे खरे. पण आपल्याकडे एक म्हण आहे: जात्यातले रडतात, सुपातले हसतात. ती म्हण डब्लिनच्या त्या सुपाला इतकी लागू पडेल, असे ती पहिल्यांदा उच्चारणाऱ्या बाईला कुठे ठाऊक असणार?

तरीही न्याय करायला हवा. त्या वर्षी सरकारी पाकशाळांतून जुलै महिन्यात दररोज सुमारे तीस लाख लोक जेवत होते. त्या पातळ सुपाने असंख्य जीव वाचवले. आणि शरदात सरकारने त्या पाकशाळा बंद केल्या, तेव्हा लोक पुन्हा मरू लागले. सूप वाईट नव्हते. ते कोणत्या दिवशी थांबवायचे, हे न भुकेलेल्या माणसांनी ठरवले, दुःख त्याचे आहे.

आपल्याकडे 1876 ते 1878 चा दुष्काळ पडला. सर रिचर्ड टेंपल यांनी बिहारच्या 1874 च्या दुष्काळात सढळ हाताने धान्य आणले म्हणून वरिष्ठांनी त्यांना बोल लावले होते. ते मनात धरून 1877 साली त्यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर एक आणा एवढ्यावर आणले. मद्रासचे डॉक्टर कॉर्निश यांनी एवढ्यावर माणूस काम करू शकत नाही म्हणून विरोध केला. इकडे मुंबई इलाख्यात मजूर कामे सोडून निघून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. एक रत्तल म्हणजे साडेचारशे ग्रॅम. ते दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला.

खडी म्हटली की माझ्यापुरता इतिहास पुस्तकातून उठून अंगणात येतो.

1972 साली मी दहा वर्षांची होते. पारनेर तालुक्यात विहिरी आटल्या होत्या. आई पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जाई. रेशनवर तांबडा मिलो मिळे, कामावर सुकडी वाटत. आजीने मडक्यात तळाशी थोडे हुलगे जपले होते. थंडीच्या एका संध्याकाळी तिने ते भाजले, जात्यावर दळले, आणि तीन दगडांच्या चुलीवर जर्मनच्या पातेल्यात माडगे शिजवायला ठेवले. लसणाचा वास सुटला होता. आम्ही तीन भावंडे ताटल्या घेऊन चुलीभोवती बसलो होतो.

तेवढ्यात कामावरचे एक कुटुंब दारात आले. नवरा-बायको आणि दोन पोरे. वर बीडकडचे असावेत. पाणी मागत होते. आजीने त्यांना ओसरीवर बसवले आणि मला म्हणाली, "पोरी, आणखी दोन तांबे पाणी घाल. माणसं वाढली."

मी पाणी घातले, पण रागाने. वाढले तेव्हा वाटीत तळ दिसत होता. मी मोठ्याने म्हणाले, "हे माडगं कसलं? नुसतं पाणी!"

ओसरीवरच्या बाईचा हात थांबला. ते मला आजही दिसते. आजी मला रागावली नाही. ओगराळ्याने तळाचे जरा घट्ट होते ते तिने त्या पोरांच्या ताटलीत घातले, मग माझ्या. सगळे उठल्यावर तिने पातेल्यात पेलाभर पाणी ओतले, खळबळले, आणि तेच पिऊन ती झोपली.

मी पुढे शिकले, शिक्षिका झाले. वसतिगृहात मैत्रिणी घरच्या जेवणाच्या गोष्टी सांगत, तेव्हा मी हुलग्याचे नाव कधी काढले नाही. बैलाचे खाणे खाणारी मुलगी ठरायची मला लाज वाटे. वर्गात आयर्लंडचा दुष्काळ शिकवला, टेंपलसाहेबांचा एक रत्तल शिकवला, फळ्यावर सनावळी लिहिल्या. 1972 च्या दुष्काळातून आपल्या राज्यात रोजगार हमी उभी राहिली आणि 1977 साली तिचा कायदा झाला, हेही अभिमानाने सांगितले. पण त्या संध्याकाळचे माझे बोलणे मी कोणाला सांगितले नव्हते.

आज वाटते, पाणी तर सर्वांनीच घातले. रम्फर्डने घातले, सोयेने घातले, माझ्या आजीनेही घातले. हिशेब पाहिला तर तिचे माडगे सोयेच्या सुपापेक्षा फारसे घट्ट नसेल. फरक इतकाच, की ते दोघे त्या भांड्यातून जेवत नव्हते. ती जेवत होती, आणि सर्वांत शेवटी. ते विद्वान होते, सज्जनही होते. तिला अक्षरओळख नव्हती. पण कोणाच्या वाट्यातून पाणी वाढवायचे, हा प्रश्न तिने स्वतःपासून सुरू केला.

हे सारे नातीला सांगितले नाही. काही सांगितले, काही हुलगे भाजताना मनातच राहिले. तिला मात्र माडगे आवडले. नाक वाहत असताना लसणाचा वास येत नाही, तरी तिने दुसऱ्यांदा वाटी पुढे केली, याचा अर्थ मी माझ्या बाजूने लावून घेतला. "पाकिटातल्यापेक्षा बरं आहे," एवढी पावती मिळाली.

दिवाळी सरली की थंडी येईलच. फराळाने पोट जड झाले असेल, तेव्हा एखाद्या संध्याकाळी करून बघा. वाटीभर हुलगे सुपात पाखडून, निवडून घ्यावेत. मंद आचेवर खमंग भाजावेत; दाणा तडतडू लागला की पुरे. दळून पीठ करावे. पातेल्यात चमचाभर तूप किंवा तेल घालून जिरे, ठेचलेला लसूण, एक हिरवी मिरची परतावी. पाणी ओतून उकळी आणावी. चार चमचे पीठ गार पाण्यात गुठळी न होता कालवून त्यात सोडावे आणि ढवळत राहावे, कच्चा वास जाईपर्यंत. मीठ, हवा असल्यास गुळाचा खडा. उरलेले पीठ डब्यात भरून ठेवावे, महिनाभर पुरते.

पाण्याचे माप मुद्दाम लिहिले नाही. ते आधी दाराकडे बघून ठरवावे.