थेंब आत गेला नाही, तरी

तापोळ्याला शिवसागराच्या काठी डिसेंबरात मुक्काम होता. स्लीपिंग बॅग मी ड्राय बॅगेत भरली, तोंडाला तीन वळसे मारले आणि कायकच्या पोटात सारली. दिवसभरात पाण्याचा थेंब आत गेला नाही. तरी दुसऱ्या रात्री ती दमट! सकाळी अंगाची वाफ जिरलेली असतानाच, उन्हात न घालता मी ती कोंबली होती. तेव्हापासून सामान भरताना मला नॉर्वेचा ध्रुवप्रवासी फ्रित्योफ नान्सेन आठवतो.

१४ मार्च १८९५ला नान्सेन आणि त्याचा सोबती याल्मार योहानसेन ‘फ्राम’ जहाज सोडून उत्तर ध्रुवाकडे निघाले. कुत्र्यांच्या घसरगाड्यांवर दोन कायक होत्या, बांबूच्या सांगाड्यावर कॅनव्हास ताणलेल्या. झोपायची पिशवी दोघांत एकच. लांडग्याच्या कातड्याचे कपडे घातले की घाम फुटतो, म्हणून ते जहाजावरच ठेवलेले. पण अंगावरची लोकर घाम पिऊन बसली. उणे ४०च्या आसपासच्या थंडीत ती दिवसा चिलखतासारखी कडक होई. गोठलेल्या बाहीच्या कडेने नान्सेनच्या मनगटाला खोल जखम झाली. रात्री दोघे तसेच पिशवीत शिरत. पहिला तास-दीड तास नुसते दात वाजत. मग अंगाच्या उबेने कपड्यांतला बर्फ वितळे, आणि सकाळी बाहेर पडताच ते ओले कपडे पुन्हा गोठत. कायक अजून पाण्यात उतरल्याही नव्हत्या. हा सगळा ओलावा त्यांच्याच अंगातला होता. हे वाचताना मला माझ्या त्या ड्राय बॅगेचे वळसे डोळ्यांपुढे येतात.

ध्रुव न गाठता परतताना, फ्रान्झ जोसेफ लँडवर दगडांच्या झोपडीत हिवाळा काढताना त्यांनी वेगवेगळं झोपून पाहिलं. थंडीने पुन्हा एकत्र आणलं. वसंतात निघण्याआधी अस्वलाच्या पातळ कातड्यांची नवी, हलकी पिशवी शिवली.

१२ जून १८९६ला एकत्र बांधलेल्या कायक दोर तुटून वाहत गेल्या. नान्सेनने बर्फाळ पाण्यात उडी घेतली, बधिरलेल्या हातापायांनी त्या गाठल्या. वल्हवत परतताना, थरथरत असतानाही, त्याने दोन समुद्रपक्षी टिपले. योहानसेनने त्याचे ओले कपडे उतरवले, त्याला पिशवीत घातलं, वरून शीड पांघरलं. बराच वेळ तो कापत होता. मग ऊब भरली, डोळा लागला. उठला तेव्हा त्या पक्ष्यांचं जेवण तयार होतं.