गर्भकालीन मधुमेह आणि मातेचे भवितव्य

गर्भारपणात उद्भवून प्रसूतीबरोबर मावळणाऱ्या मधुमेहाचे एक आद्य व सविस्तर वर्णन हाइन्रिख बेनेविट्झ याने १८२४ साली बर्लिन विद्यापीठास सादर केलेल्या लॅटिन प्रबंधात आढळते. पाचव्यांदा गर्भवती असलेल्या एका स्त्रीची न शमणारी तहान व तिच्या मूत्रातील शर्करा यांची त्याने नोंद केली. तिचे १२ पौंड वजनाचे मूल प्रसूतीतच दगावले; तिची स्वतःची शर्करा मात्र नाहीशी झाली. साहजिकच बेनेविट्झने या मधुमेहास गर्भावस्थेचे एक लक्षण मानले. लंडनच्या मॅथ्यूज डंकनने १८८२ मध्ये या मतास महत्त्वाची पुस्ती जोडली. असा मधुमेह प्रसूतीनंतर थांबला, तरी काही काळाने तो पुन्हा उद्भवू शकतो, असे त्याने दाखविले.

डंकनच्या निरीक्षणास मोजमापाचा आधार मिळण्यास आणखी ऐंशी वर्षे जावी लागली. बॉस्टन येथे जॉन ओसलिव्हन व क्लेअर मॅहन यांनी ७५२ गर्भवतींना १०० ग्रॅम ग्लुकोज पाजून तीन तासांपर्यंतची रक्तशर्करा मोजली व १९६४ साली निदानाच्या मर्यादा प्रसिद्ध केल्या. या मर्यादांची पारख कशावर झाली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. मुलाचे वजन अथवा प्रसूतीतील संकटे ही त्यांची कसोटी नव्हती. पुढील काही वर्षांत कोणत्या मातांना कायमचा मधुमेह जडला, हीच ती कसोटी होय. म्हणजे गर्भकालीन मधुमेहाचे निदान हे मुळात मातेच्या भवितव्याविषयीचे भाकीत होते.

पुढे दृष्टी पालटली. सुमारे २५,००० गर्भवतींच्या आंतरराष्ट्रीय पाहणीचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांवर आधारलेले २०१० चे निकष अर्भकाच्या हिताहितावरून ठरले. त्यात गैर काही नव्हते. परंतु मूल सुखरूप जन्मले की प्रकरण मिटले, या जुन्या वहिवाटीस त्यामुळे धक्का बसला नाही, हेही खरे. वस्तुतः अशा मातेस पुढे मधुमेह होण्याचा धोका इतर स्त्रियांच्या किमान सातपट असतो, हे अनेक अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणातून २००९ साली स्पष्ट झाले होते.

हा धोका टाळता येतो काय? अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंधक प्रयोगात गर्भकालीन मधुमेह होऊन गेलेल्या ३५० स्त्रिया होत्या. आहार-व्यायामाच्या मार्गदर्शनाने, तसेच मेटफॉर्मिनने, त्यांच्यातील मधुमेहाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले, असे २००८ च्या विश्लेषणात आढळले. तथापि त्या गर्भारपणास सरासरी बारा वर्षे लोटली होती. तान्हे मूल मांडीवर असलेल्या बाळंतिणीस वारंवार वर्गास बोलावणे ही निराळी गोष्ट आहे.

येथेच संगणक व भ्रमणध्वनी यांचा प्रवेश झाला. बॉस्टनमधील ७५ मातांच्या प्रयोगात तोच अभ्यासक्रम संगणकाद्वारे घरपोच देण्यात आला. प्रसूतीनंतरच्या सहाव्या आठवड्यापासून वर्ष पुरे होईपर्यंत त्यांचे वजन सरासरी २.८ किलोग्रॅमने घटले. तुलनेच्या गटात ते अर्ध्या किलोग्रॅमने वाढले (२०१४). भारतातही लघुसंदेशांचे यश २०१३ मध्ये दिसून आले होते. दोन वर्षांत संदेश मिळणाऱ्या गटात १८ टक्के, तर इतरांत २७ टक्के व्यक्तींना मधुमेह झाला. मात्र हे ५३७ जण नोकरी-व्यवसायातील पुरुष होते, ही बाब सहसा नजरेआड होते.

मातांची स्थिती वेगळी. भारत सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेने प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी सांगितली. महाराष्ट्रात हा काळ सव्वा महिना संपण्याच्या सुमाराचा. पहिलटकरीण बहुधा माहेरी, गर्भारपणाचे कागद सासरच्या गावी, आणि समोर तुपातले डिंकाचे लाडू! भ्रमणध्वनी तिच्यामागून माहेरी जाऊ शकतो, हा त्याचा खरा लाभ. पण घरातील एकुलते यंत्र पतीच्या खिशात असेल, तर संदेश त्यालाच पोहोचतो.

भारत, बांगलादेश व श्रीलंका येथील १६०१ मातांवरील प्रयोगाचा निष्कर्ष २०२२ मध्ये आला. गटबैठका, वैयक्तिक भेटी व दुरून साधलेला संपर्क यांची त्यात जोड होती. सुमारे चौदा महिन्यांनी मार्गदर्शन मिळालेल्या २५.५ टक्के, तर न मिळालेल्या २७.१ टक्के मातांची रक्तशर्करेची स्थिती बिघडलेली आढळली. हे अंतर संख्याशास्त्रीय दृष्ट्या नगण्य होय. करोनाच्या साथीने कार्यक्रमात बदल करावे लागले, हे विचारात घेतले, तरी अवघ्या सव्वा वर्षात दर चार मातांपैकी एकीची स्थिती खालावली, ही नोंद डंकनच्या निरीक्षणाशी जुळणारी आहे.