मानमोडीचे वर्ष आणि आपला ज्ञातिधर्म

सन १९१८ च्या इन्फ्लुएंझास आपल्या वाडवडिलांनी ‘मानमोडी’ असे नाव दिले होते. जून महिन्यात तो मुंबई बंदरात उतरला. सप्टेंबरनंतर दुसऱ्या खेपेस अधिक उग्र होऊन तो आगगाडीच्या वाटेने प्रांतोप्रांती पसरला. पुलगाव व वर्धा ही मुंबई-नागपूर मार्गावरीलच स्थानके होत. त्यात त्या वर्षी पावसाने दगा दिला होता. देशात सव्वा ते पावणेदोन कोटी माणसे दगावली, असा अंदाज आहे. आपला मध्यप्रांत व वऱ्हाड सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी एक होता. वीस ते चाळीस वर्षांची कर्ती माणसे, त्यातही स्त्रिया, विशेषेकरून बळी पडल्या.

साथ लोकांस नवी नव्हती. सन १८९६ पासून प्लेगाने त्यांस गाव सोडून रानात झोपड्या घालण्यास शिकविले होते. ते योग्यच होते, कारण प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे होई. मानमोडी मात्र माणसाच्या श्वासातून व खोकल्यातून पसरे. म्हणून आप्तांच्या आश्रयास जाणारा मनुष्य रोगही बरोबर नेई. एका साथीचा धडा दुसरीस लागू पडतोच असे नाही.

औषध तेव्हा नव्हते. माणसातील या रोगाचा विषाणूच मुळी १९३३ साली हाती लागला. तरीही उपाय होता. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराने २८ सप्टेंबर १९१८ रोजी युद्धकर्जासाठी प्रचंड मिरवणूक काढली आणि थोड्याच दिवसांत तेथे हाहाकार उडाला. सेंट लुईस शहराने मात्र शाळा, नाटकगृहे व प्रार्थनामंदिरे वेळीच बंद केली. तेथे मृत्यू पुष्कळच कमी झाले.

सन २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत आपणही हेच मार्ग चोखाळले. तो रोग निराळा, परंतु त्याचा मार्गही श्वासाचाच. आजाऱ्याने वेगळ्या खोलीत राहावे, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, तोंडास पट्टी बांधावी, हात धुवावेत, गर्दी टाळावी. यास खर्च थोडा, निग्रह मात्र फार लागतो.

निग्रह अवघड जातो तो आपल्या रीतिरिवाजांपाशी. लग्नास वा तेरवीस न येणे हा आपल्यात अपमान समजला जातो. म्हणून आमची मंडळास विनंती आहे की, साथीच्या काळात गैरहजेरीचा राग कोणीही धरू नये, असा ठराव आताच, साथ नसताना, करून ठेवावा. एकत्र येणे हे ज्ञातीचे बळ खरे. परंतु प्रसंगी दूर राहून एकमेकांची कुटुंबे राखणे हाही ज्ञातिधर्मच होय.