मेजर प्लागेंचा शिक्का



कागदावर आपलं नाव कामगार म्हणून लागलं की काय फरक पडतो, हे रोजगार हमीच्या कामावर जाणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको. आज आम्ही अशाच एका कागदाची गोष्ट सांगणार आहोत. त्या कागदावर माणसांचा जीव टांगलेला होता.

गोष्ट आहे युरोपातल्या विल्नियस शहराची. हे शहर आज लिथुआनिया देशाची राजधानी आहे. काळ दुसऱ्या महायुद्धाचा. जून १९४१मध्ये हिटलरच्या जर्मन फौजेनं हे शहर घेतलं. तिथं ज्यू धर्माचे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. त्यांना शहराजवळच्या पोनारीच्या जंगलात नेऊन गोळ्या घालायला सुरुवात झाली. बायका, म्हातारी माणसं, तान्ही मुलं, कुणालाच सोडलं नाही.

त्याच फौजेत कार्ल प्लागे नावाचे अधिकारी होते. जर्मनीतल्या डार्मश्टाट शहरचे, शिकलेले इंजिनिअर. देशाचं भलं होईल या आशेनं ते १९३१मध्ये हिटलरच्या पक्षात गेले होते. विल्नियसमध्ये त्यांच्याकडे लष्कराच्या मोटारी दुरुस्त करायचा कारखाना होता. डोळ्यांदेखत चाललेली कत्तल पाहून त्यांचं मन फिरलं.

त्यांच्या हातात होतं काय? एक शिक्का आणि एक सही. लष्कराला लागणाऱ्या कामगाराला दाखला मिळे. तो दाखला असला की तो कामगार, त्याची बायको आणि दोन मुलं तेवढ्यापुरती वाचत. प्लागेंनी हे दाखले सढळ हातानं दिले. ज्यांनी कधी पाना हातात धरला नव्हता, असे न्हावी आणि शिंपीही कागदावर मोटार मेकॅनिक झाले.

सप्टेंबर १९४३मध्ये ज्यूंची बंदिस्त वस्ती मोडायचं ठरलं. तेव्हा प्लागेंनी सुबोच रस्त्यावर कामगारांची वेगळी छावणी उभारली आणि हजारांहून जास्त माणसं तिथं आणली. ज्यूंच्या कत्तली करणाऱ्या एस. एस. या दलाला फक्त पुरुष कामगार हवे होते. प्लागेंनी वाद घातला, की बायकापोरं जवळ नसली तर पुरुषांचं कामात मन लागणार नाही. शिवाय बायका रिकाम्या दिसू नयेत म्हणून त्यांनी कपडे दुरुस्तीचं काम सुरू केलं. सुई-दोरा हातात आला आणि कागदावर त्या बायकाही कामगार ठरल्या.

पण मैत्रिणींनो, ही गोष्ट गोड नाही. २७ मार्च १९४४ रोजी प्लागे रजेवर गावी असताना एस. एस.ची माणसं छावणीत शिरली आणि मुलांना ओढून घेऊन गेली. थोडीच मुलं लपून वाचली. त्या आयांचं दुःख कुठल्या शिक्क्यानं भरून येणार होतं?

जुलैमध्ये रशियन फौज जवळ आली. एक जुलैला प्लागे कामगारांसमोर उभे राहिले. शेजारी एस. एस.चा अधिकारी होता, त्यामुळे उघड बोलायची सोय नव्हती. त्यांनी सांगितलं, की आमची तुकडी जातेय, यापुढे तुम्ही एस. एस.च्या ताब्यात राहाल, आणि सामान बरोबर घ्यायची गरज नाही. ऐकणाऱ्यांनी खूण ओळखली. त्यांनी आधीच पोटमाळ्यावर, तळघरात, भिंतीआड जागा करून ठेवल्या होत्या. शेकडो माणसं तिथं लपली. अनेक सापडली आणि मारली गेली. सुमारे अडीचशे वाचली.

युद्धानंतर प्लागेंवर खटला चालला. त्यांनी वाचवलेल्या लोकांना ते कळलं, तेव्हा त्यांनी आपला माणूस साक्षीला पाठवला. न्यायालय निर्दोष सोडायला तयार होतं. पण मीही त्या पक्षात होतो, अशी नोंद प्लागेंनी स्वतः मागून घेतली. १९५७मध्ये ते वारले, तेव्हा त्यांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. पुढे त्या छावणीतून वाचलेल्या पर्ल नावाच्या एका मुलीच्या मुलानं, मायकेल गुड यांनी, त्यांचा शोध घेतला. २००५मध्ये इस्रायलच्या याद वाशेम संस्थेनं त्यांना मरणोत्तर सन्मान दिला.

आम्ही त्यांना देव म्हणत नाही. त्यांनी स्वतःच तसं म्हणू दिलं नसतं. पण एवढं मोठं यंत्र चुकीच्या दिशेनं फिरत असताना आपल्या टेबलावरचा शिक्का कुणासाठी उठवायचा, हे त्यांनी रोज ठरवलं. आपल्यापैकी कुणी सरपंच आहे, कुणी गटाची सचिव, कुणी अंगणवाडीताई. सही आपल्याही हातात असते. या महिन्याच्या बैठकीत त्यावर जरूर बोला.