परमुलखातला विद्यार्थी आणि बेळगाव-निपाणीची शंभर वर्षं

निपाणी कर्नाटकात आहे, पण तिथल्या पोरांचं देवचंद कॉलेज महाराष्ट्रात. गावाला खेटून असलेलं अर्जुननगर कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात मोडतं. त्यामुळे निपाणीचा मुलगा सकाळी घरची भाकरी खाऊन निघतो आणि काही मिनिटांत दुसऱ्या राज्यातल्या शिवाजी विद्यापीठाच्या वर्गात जाऊन बसतो. बेळगावात याच्या उलट चित्र दिसतं. नेहरूनगरच्या केएलई संकुलात २०१० पासून मलेशियातल्या पेनांगच्या युनिव्हर्सिटी सैन्स मलेशिया या सरकारी विद्यापीठाचा वैद्यकीय अभ्यासक्रम चालतो. तिथल्या मुलांचं विद्यापीठ त्यांच्या देशाचं आहे, परकं आहे ते गाव. परदेशी जाऊन शिकणाऱ्याचं कसं निभावतं, हा प्रश्न हल्ली मेलबर्न किंवा म्युनिकला निघालेल्या मुलांच्या संदर्भात विचारला जातो आणि उत्तर बहुतेक वेळा मुलाच्या जिद्दीवर सोडून दिलं जातं. सीमाभागाचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. परमुलखात विद्यार्थी टिकतो तो घर आणि विद्यापीठ यांच्यामध्ये कुणीतरी उभ्या केलेल्या व्यवस्थेमुळे. राहायची खोली, जेवणाची पंगत, वरच्या वर्गातला ओळखीचा मुलगा आणि दाखल्याच्या कामात पाठीशी राहणारा माणूस ही ती व्यवस्था. ती असेल तर साधारण कुवतीचा मुलगाही तग धरतो आणि नसेल तर असामान्य मुलीलाही फार मोठी किंमत मोजावी लागते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेळगाव जिल्ह्यातल्या मुलाला पदवी घ्यायची तर गाव सोडण्यावाचून इलाज नव्हता. विद्यापीठ एकच, मुंबईचं. कॉलेजं पुण्या-मुंबईत, आणि जवळचं म्हणजे कोल्हापूरचं १८८० मध्ये नावारूपाला आलेलं राजाराम कॉलेज. धारवाडचं कर्नाटक कॉलेज १९१७ चं आणि बेळगावचं लिंगराज कॉलेज १९३३ चं. कोल्हापूर हे तर संस्थान होतं, म्हणजे ब्रिटिश मुलखातून तिथे जाणारा मुलगा कायद्याच्या अर्थानंही दुसऱ्या राज्यात जात असे. पण त्याची खरी अडचण जेवणाची आणि निवाऱ्याची असायची. वार लावून जेवण्याची पद्धत ब्राह्मण मुलांसाठी होती. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य मुलांना शहरात खोली कोण देणार आणि पानावर कोण बसवणार? शाहू छत्रपतींनी नेमकी ही जागा हेरली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग आणि त्यांच्या आगेमागे जैन, लिंगायत व इतर समाजांची. फी माफ करून भागणार नाही, आधी मुलाला शहरात रात्र काढता आली पाहिजे, हे त्यांना कळलं होतं. शिक्षणाच्या इतिहासात आपण शाळा-कॉलेजांच्या स्थापनेच्या तारखा मोजतो. बोर्डिंगांच्या तारखा मोजल्या तर बहुजन समाज शिकू कसा लागला याचा हिशेब जास्त नीट लागतो.

जिद्दीचा पुरस्कार करणारे इथे आनंदीबाई जोश्यांचं नाव घेतील, आणि ते घ्यायलाच हवं. १८८३ मध्ये त्या एकट्या अमेरिकेला गेल्या, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ मध्ये एम.डी. झाल्या. जिद्दीची कसोटी पाहायची तर यापेक्षा मोठं उदाहरण मराठीत नाही. पण त्यांच्या मागे होतं काय? रोझेलच्या कार्पेंटरबाईंची माया आणि डीन रेचल बॉडली यांचा जिव्हाळा. दोन्ही खरे होते, पण ती दोन माणसांची कृपा होती, तिला व्यवस्था म्हणता येत नाही. शाकाहारी मुलीला पोटभर जेवण कुठे मिळेल, नऊवारीत तिथला हिवाळा कसा काढायचा, आजार अंगावर काढण्याआधी कुणाला सांगायचं, याचं उत्तर आधीच्या कुणाच्या अनुभवातून तयार झालेलं नव्हतं, कारण त्यांच्या आधी तिथे गेलेलं आपल्याकडचं कुणी नव्हतंच. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाचं काम त्यांच्यासाठी ठरलेलं होतं. त्यावर रुजू होण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयानं त्यांचा अंत झाला. त्यांच्या धैर्यापुढे मान लवते, पण त्या उदाहरणावरून पुढच्या मुलामुलींनीही एकट्यानंच झुंजावं असा निष्कर्ष काढणं मला क्रूरपणाचं वाटतं.

आनंदीबाई अमेरिकेला गेल्यावर तीस वर्षांनी, १९१३ मध्ये, बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात पोचलेले डॉ. आंबेडकर पहिल्या काही आठवड्यांत राहायच्या जागा बदलत होते, आणि लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना या पारशी मित्राची सोबत मिळाल्यावर स्थिरावले. ती मैत्री जन्मभर टिकली. परत आल्यावर त्यांनी संघटनेचं काम हाती घेतलं तेव्हा वसतिगृह हे आरंभीच्या कामांपैकी एक होतं. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ ची आणि तिचं सोलापूरचं वसतिगृह जानेवारी १९२५ चं. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये निपाणीला त्यांच्या अध्यक्षतेखाली मुंबई इलाख्याची बहिष्कृत परिषद भरली. तंबाखूच्या वखारींच्या या गावातले बळवंतराव वराळे पुढे त्यांचे निष्ठावंत सहकारी झाले आणि धारवाडच्या दलित विद्यार्थ्यांच्या बोर्डिंगचा भार त्यांनी वर्षानुवर्षं वाहिला. त्यांच्या आठवणींचं पुस्तक ‘डॉ. आंबेडकरांचा सांगाती’ या नावानं प्रसिद्ध आहे. निपाणीच्या मराठी माणसानं कन्नड धारवाडात मुलांसाठी घर चालवावं, ही गोष्ट आजच्या सीमावादाच्या गदारोळात मुद्दाम सांगावीशी वाटते. तिथल्या मुलांना कॉलेज तर परकं होतंच, पण ज्या शहरात ते होतं तिथली विहीर, खानावळ आणि भाड्याची खोलीही परकीच होती. दीडशे किलोमीटरचं अंतर न्यूयॉर्कपेक्षा कमी असेल, परकेपणा मात्र काही बाबतींत जास्तच होता. लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये जात कुणी विचारत नव्हतं.

यावर एक आक्षेप जुना आहे आणि वजनदारही आहे. असं आपल्याआपल्यांचं घर करून दिलं की मुलगा त्यातच अडकतो, नव्या मुलखात मिसळतच नाही, असं म्हटलं जातं. कोल्हापूरच्या जातवार बोर्डिंगांवर ही टीका झाली आणि तिचा सर्वांत सबळ पुरावा खुद्द त्या बोर्डिंगांच्या इतिहासातच आहे. कुंभोजचे भाऊराव पाटील जैन बोर्डिंगात राहत होते. तिथली व्यवस्था अण्णा बाबाजी लठ्ठ्यांकडे होती. हे लठ्ठे पुढे बेळगावचे नामांकित वकील आणि १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. अस्पृश्य मुलांच्या बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन आल्यावर शुद्धीची आंघोळ करायला भाऊरावांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं, असं सांगितलं जातं. म्हणजे आक्षेप पोकळ नाही. निवारा देणाऱ्या भिंतीच कोंडूही शकतात. पण भाऊरावांनी पुढे काय केलं ते पाहिलं पाहिजे. मुलांनी आपापलं बघावं असं ते म्हणाले नाहीत. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी बोर्डिंगच काढलं, फक्त त्यात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. जातवार बोर्डिंगचा दोष त्यांनी मिश्र बोर्डिंग काढून दूर केला. बोर्डिंग ही कल्पनाच मोडीत काढावी असं त्यांना कधी वाटलं नाही. स्टीफन बॉक्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या मैत्रीचा अभ्यास केला, तेव्हाही हीच गुंतागुंत पुढे आली. स्वदेशीय मित्र मनाला आधार देतात, स्थानिक मित्र अभ्यासात आणि कामकाजात मदत करतात, आणि इतर देशांचे परके मित्र विरंगुळा देतात. यांतल्या एकाची जागा दुसरा घेऊ शकत नाही. म्हणून पहिला आधार काढून घेतल्यानं दुसरा आपोआप मिळेल, ही आशा फोल आहे.

१ नोव्हेंबर १९५६ नंतर सीमाभागात एक विलक्षण गोष्ट घडली. विद्यार्थी जागचा हलला नाही आणि परका झाला. आदल्या दिवशी मुंबई राज्यात असलेलं निपाणी म्हैसूर राज्यात गेलं. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे जायचं की १९६२ मध्ये निघालेल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे, हे ठरवावं लागू लागलं. कोल्हापूर चाळीस किलोमीटरवर, मामाचं गाव त्याच बाजूला, पण पदवीनंतरची सरकारी नोकरी बेंगळुरूच्या हातात आणि तिला कन्नड हवं. याला परदेशी शिक्षण म्हणणं अतिशयोक्तीचं आहे असं कुणी म्हणेल. पारपत्र लागत नाही, चलन तेच आहे, हे खरं. पण परदेशी विद्यार्थ्याला ज्या गोष्टी जेरीस आणतात त्यांची यादी करून पाहावी: आपण कुठले रहिवासी, फी कुठल्या दरानं, जागा कुठल्या कोट्यात, कुठलं प्रमाणपत्र कुठे चालतं आणि अर्ज कुठल्या भाषेत करायचा. सीमाभागातला मुलगा हे सगळं भोगतो. महाराष्ट्राच्या प्रवेश परीक्षांच्या नियमांत आजही वादग्रस्त ८६५ गावांतल्या, मराठी मातृभाषा असलेल्या उमेदवारांसाठी वेगळा प्रवर्ग आहे आणि त्यासाठी वेगळे दाखले जोडावे लागतात. अर्जुननगरच्या कॉलेजचं महत्त्व मला इथे दिसतं. मुलानं रात्री घरीच झोपावं आणि तरी त्याला मराठी विद्यापीठाची पदवी मिळावी, अशी वाट त्यानं काढली. मुलींसाठी ती किती मोलाची ठरली असेल ते निराळं सांगायला नको, कारण वसतिगृहात पाठवायला तयार नसलेला बापही गावाबाहेरच्या कॉलेजात मुलीला पाठवतो.

आता नेहरूनगर. कर्नाटक लिंगायत एज्युकेशन सोसायटी, म्हणजे केएलई, १९१६ मध्ये सात तरुण शिक्षकांनी बेळगावात उभी केली आणि त्यांच्यापुढे आदर्श होता पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा. मराठी पुण्याकडून प्रेरणा घेऊन कन्नड मुलांसाठी काढलेल्या संस्थेचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज १९६३ मध्ये निघालं आणि त्याच संकुलात आज मलय, चिनी आणि तमिळ वंशाची मलेशियन मुलं डॉक्टर होतात. भारतात हा प्रयोग अगदी नवा नव्हता. मेलाका-मणिपाल मेडिकल कॉलेज १९९७ पासून मलेशियन मुलांना मणिपालमध्ये शिकवत होतं. अशा व्यवस्थेत पदवीची काळजी मिटलेली असते, शेजारच्या खोलीतला मुलगा आपल्या भाषेत बोलतो, वरच्या वर्गातले आधीच रुळलेले असतात. जून ते सप्टेंबरचा बेळगावी पाऊस मलेशियाच्या मुलाला नवा नाही. डिसेंबरातल्या पहाटेचा गारठा मात्र नवा, कारण त्याच्या देशात सपाटीवर हिवाळा असा नसतोच. तरी या सगळ्या किरकोळ गोष्टी आहेत. खरी परीक्षा वॉर्डात होते. केएलईच्या डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालयातल्या खाटेवर खानापूरची मराठी आजी असते, गोकाकचा कन्नड शेतकरी असतो, शहरातली उर्दू बोलणारी बाई असते. वर्ग इंग्रजीत चालतो, रोगी इंग्रजीत कण्हत नाही. पोट कधीपासून दुखतं आणि दुखताना कळ कुठे जाते, हे विचारता आल्याशिवाय वैद्यकाचं शिक्षण पुढे सरकत नाही. इथे मायदेशातली सोबत अपुरी पडते आणि चिकोडीचा किंवा बैलहोंगलचा वर्गमित्र, अनुभवी नर्स, वॉर्डबॉय हेच शिक्षक होतात.

काळ गेला की सगळं आपोआप जमतं, असाही एक समज आहे आणि त्याला अभ्यासाचा आधार सांगितला जातो. अमेरिकेत जाऊन आलेल्या दोनशे नॉर्वेजियन अभ्यासकांवरून स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये मांडलं की सुरुवातीला उत्साह असतो, मग मन खचतं, मग सावरतं. पुढच्या संशोधकांना ही वाट सगळ्यांच्या बाबतीत सारखी आढळली नाही. ती सारखी असणारच नव्हती. लिसगार्ड यांनी पाहिलेली माणसं शिष्यवृत्तीवर गेलेली होती. धारवाडच्या बोर्डिंगात जागा न मिळालेला मुलगा मधल्या खचण्याच्या टप्प्यावरच गावी परतत असे आणि मग कुठल्याच नोंदीत त्याचं नाव येत नसे. काळानं सावरलेल्यांचीच गणती आपण करतो, म्हणून काळ मोठा वैद्य वाटतो.

बेळगाव आज पूर्वीपेक्षा खूप मोठं विद्येचं गाव आहे. विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ १९९८ पासून इथे आहे, राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० पासून. बाहेरून येणाऱ्या मुलांमागे खानावळी, भाड्याच्या खोल्या आणि पेइंग गेस्टचा धंदा वाढतो. धंदा वाईट नाही, पण खोलीचं भाडं घेणारा मालक आणि वराळ्यांसारखा मुलांचा भार वाहणारा व्यवस्थापक यांत फरक आहे आणि तो विद्यार्थ्याला आजारी पडल्यावर पहिल्या रात्री कळतो. भाऊरावांच्या साताऱ्याच्या पंगतीची वाट बेळगावसारख्या गावानं विद्यार्थ्यांसाठी घेतली तर तिच्यासाठी जागा आणि माणसं दोन्ही आहेत. कल्पना करा: एका वसतिगृहात निपाणीचा, बैलहोंगलचा आणि पेनांगचा मुलगा राहतो, जेवणात भाकरीही आहे आणि भातही, संध्याकाळी एक तास स्थानिक मुलं बाहेरच्यांना वॉर्डात आणि बाजारात लागणारं मराठी-कन्नड शिकवतात आणि त्या तासाचे त्यांना पैसे मिळतात. मलेशियन मुलाला त्यातून रोग्याशी बोलता येईल, निपाणीच्या मुलाला रोज कन्नड कानावर पडेल, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना जे दाखले लागतात ते कुठे आणि कसे काढायचे हे सांगणारा एक पगारी माणूस त्याच इमारतीत बसवता येईल. सुरुवातीला पन्नास खाटा पुरतील.