आदिवासी भाषाशिक्षण, बहुमाध्यम (राजस्थान)

आदिवासी मुलांना त्यांची मातृभाषा, किंवा तिच्या आधाराने इतर विषय, शिकविण्यासाठी ध्वनिमुद्रण, चित्र, चलच्चित्र व लिखित मजकूर यांची एकत्र योजना करणारी अध्यापनपद्धती. ज्या भाषांचे वाङ्मय बहुतांशी मौखिक आहे, त्यांतील उच्चार, आघात व कथनाची लय छापील क्रमिक पुस्तकात उतरत नाही. ती ध्वनिमुद्रणाने जतन होते, हा या पद्धतीचा मुख्य गुण होय. राजस्थानात तिचे क्षेत्र प्रामुख्याने बांसवाडा, डुंगरपूर, उदयपूर, प्रतापगड व सिरोही या दक्षिणेकडील जिल्ह्यांत आहे. शालेय शिक्षण संचालनालयाचा मुख्य कारभार मात्र बीकानेरहून चालतो.

भाषास्थिती : या जिल्ह्यांतील भिल समाजाच्या भिली भाषेच्या भाषकांची देशभरातील संख्या, वागडी बोलीसह, २०११ च्या जनगणनेत एक कोटीहून अधिक नोंदली गेली, तरीही संताळी व बोडो यांना २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या परिशिष्टात मिळालेले स्थान भिलीला लाभलेले नाही. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असा संविधानाच्या ३५०क या अनुच्छेदाचा निर्देश आहे. जॉर्ज मॅकॅलिस्टर या मिशनऱ्याने जयपूर संस्थानातील बोलींचे नमुने १८९८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले होते. भिली बोलींचा परामर्श ग्रीअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात (१९०७) आढळतो. जयपूर परिसरातील मीणा हा आदिवासी समाज ढुंढाडी ही राजस्थानीची बोलीच बोलत असल्यामुळे, दक्षिणेतील भिल बालकास शाळेत पाऊल टाकताच भेडसावणारा परभाषेचा अडसर राजधानीच्या आसपास तितक्या तीव्रतेने प्रत्ययास येत नाही.

इतिहास : १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात एटीएस-६ या अमेरिकन उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत राबविलेल्या ‘साइट’ या दूरदर्शन-प्रयोगात जयपूर, कोटा व सवाई माधोपूर या जिल्ह्यांतील खेडी समाविष्ट होती. सकाळचे दीड तासाचे प्रक्षेपण शालेय मुलांसाठी राखलेले असून ते हिंदी, तेलुगू, कन्नड व उडिया या चार भाषांत विभागलेले होते. याच प्रयोगात प्राथमिक शिक्षकांच्या विज्ञानविषयक प्रशिक्षणासाठी दूरदर्शन, आकाशवाणी, छापील साहित्य व मार्गदर्शकांसमवेतची चर्चा यांचा एकत्र संच योजण्यात आला, आणि बहुमाध्यम शिक्षणाचा विस्तृत प्रमाणावरील पहिला पाठ भारताने तेथे गिरवला. परंतु आदिवासी भाषांना त्यात जागा नव्हती. महासाथीच्या काळात, २०२० मध्ये, राज्य शासनाने मोबाईल, आकाशवाणी व दूरदर्शन यांद्वारे ‘स्माईल’, ‘शिक्षावाणी’ व ‘शिक्षादर्शन’ हे उपक्रम सुरू केले; त्यांची भाषाही मुख्यतः हिंदीच राहिली.

साधने : १ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्रीय आदिवासी व्यवहार मंत्रालयाने ‘आदिवाणी’ या अनुवादसाधनाची प्राथमिक आवृत्ती संताळी, भिली, मुंडारी व गोंडी या चार भाषांसाठी खुली केली. आयआयटी दिल्लीच्या नेतृत्वाखाली ते सिद्ध करणाऱ्या संस्थांत राजस्थानातील पिलानीच्या बिट्सचाही सहभाग आहे. लिखित मजकुराप्रमाणेच उच्चारित शब्दाचे भाषांतर करण्याची सोय त्यात असली, तरी त्यातील भिली मध्य प्रदेशातील असल्यामुळे डुंगरपूरच्या वर्गात ती जशीच्या तशी वापरता येत नाही; स्थानिक ज्येष्ठांच्या कथा ध्वनिमुद्रित करणे, त्या देवनागरीत उतरविणे व त्यांना चित्रांची जोड देणे हे काम प्रत्येक मुलखात नव्यानेच करावे लागते.

तुलना : कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २००३ पासून चालू असलेल्या ‘फर्स्टव्हॉइसेस’ या संग्रहात शब्द, कथा व गीते यांची ध्वनिमुद्रणे त्या त्या जमातीच्या नियंत्रणाखाली ठेवली जातात. ऑस्ट्रेलियातील ‘लिटल जे अँड बिग कझ’ या २०१७ मध्ये सुरू झालेल्या बालमालिकेचे भाग तेथील अनेक मूलनिवासी भाषांत पुनर्ध्वनित केले गेले. भारतात गोंडीसाठी सीजीनेट स्वरा या संस्थेने मोबाईलवरील वार्ता-कथनाचा व बालकथांच्या भाषांतराचा मार्ग अवलंबिला.

मूल्यमापन : गेल्या अर्धशतकात प्रक्षेपणाची साधने दुर्गम पाड्यापर्यंत पोहोचली, पण त्यांतून ऐकू येणारी भाषा बहुधा राजधानीचीच राहिली. मुलाच्या बोलीतून ऐकणारा, विचारणारा व चूक सुधारणारा शिक्षक वर्गात नसेल, तर उत्तम ध्वनिफीतही केवळ करमणुकीपुरतीच उरते. म्हणून उपकरणांच्या खरेदीआधी भिली व वागडी जाणणाऱ्या शिक्षकांची नेमणूक आणि त्यांच्याच हातून पाठ्यसाहित्याची निर्मिती, हाच या पद्धतीच्या यशाचा पाया होय.